दोन भाषांत काम करणाऱ्या ॲक्शन दिग्दर्शकाची कारकीर्द कशी अभ्यासावी

तमिळ आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत ॲक्शनपट करणाऱ्या दिग्दर्शकावर मराठीत लिहू पाहणाऱ्याने यांतील बरेच चित्रपट दूरचित्रवाणीवर, हिंदी डबिंगमधूनच पाहिलेले असतात. या डबिंगमध्ये चित्रपटांची नावे बदललेली असतात, लांबी कमी केलेली असते आणि कोणता चित्रपट आधीचा व कोणता नंतरचा याचा काहीच बोध होत नाही. म्हणून अभ्यासाचा आरंभ आठवणीवर विसंबून न करता कोऱ्या कागदावर कालानुक्रमे सूची करून करावा. पुढील विवेचनात उदाहरणासाठी मुख्यतः ‘सिरुत्तै’ शिवा यांची कारकीर्द घेतली आहे. छायाचित्रणकार म्हणून काम केल्यावर ते तेलुगूत दिग्दर्शक झाले, नंतर तमिळमध्ये आले, आणि या दोन टप्प्यांमधला दुवा सहसा कोणी तपासत नाही.

सूचीच्याही आधी व्यक्तीची ओळख पक्की करावी. दक्षिणेकडील नावांत आडनाव बहुधा नसते आणि आद्याक्षरे गाळली जातात, त्यामुळे दोन माणसांची कामे एकाच्या खात्यावर सहज चढतात. ‘मिर्ची’ (2013), ‘श्रीमंतुडू’ (2015) आणि ‘देवरा’ (2024) हे कोरटाला शिवा यांचे तेलुगू चित्रपट आहेत. त्यांचा ‘सिरुत्तै’ शिवा यांच्याशी काही संबंध नाही. पहिल्या तमिळ चित्रपटाचे नाव दिग्दर्शकाच्या नावाआधी लावण्याची जी रीत आहे ती येथे उपयोगी पडते, मात्र तिच्यामुळे एक चुकीचा समजही पसरतो. ‘सिरुत्तै’ (2011) हा शिवा यांचा पहिला चित्रपट नव्हे. त्याआधी त्यांनी गोपीचंद यांना नायक करून ‘शौर्यम’ (2008) आणि ‘शंखम’ (2009) हे दोन तेलुगू चित्रपट केले होते, आणि नंतर रवी तेजा यांच्यासह ‘दरुवु’ (2012) केला. जो लेख 2011 पासून सुरू होतो तो अर्धवट आहे असे खुशाल समजावे.

सूचीत प्रत्येक चित्रपटासाठी प्रदर्शनाची तारीख, मूळ भाषा, नायक, निर्मिती संस्था, कथालेखक, छायाचित्रणकार, संकलक, संगीतकार आणि फाइट मास्टर, म्हणजे मारामारीची दृश्ये बसवणारा, यांची नोंद करावी. ही माहिती जमेल तेथवर चित्रपटाच्या श्रेयनामावलीतूनच उतरवून घ्यावी, कारण जाहिरातीतील आणि पडद्यावरील नावांत फरक आढळतो. भाषा आणि लांबी यांविषयी शंका असल्यास सेन्सॉर प्रमाणपत्र पाहावे. डब केलेल्या आवृत्तीला वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागत असल्याने मूळ कोणते आणि डबिंग कोणते हे त्यावरून कळते. जुन्या तमिळ चित्रपटांबाबत चित्रपट-इतिहासकार फिल्म न्यूज आनंदन यांनी आयुष्यभर जमवलेल्या नोंदी हा मोठा आधार आहे, परंतु त्यांचे निधन 2016 मध्ये झाल्याने अलीकडच्या काळासाठी अभ्यासकाला स्वतःच पाने चाळावी लागतात.

सूचीतील सर्वांत महत्त्वाचा रकाना चित्रपटाच्या प्रकाराचा आहे, आणि बहुतेक लेख येथेच घसरतात. स्वतंत्र चित्रपट, रिमेक, एकाच वेळी दोन भाषांत चित्रित झालेला द्विभाषिक चित्रपट आणि निव्वळ डबिंग हे चार प्रकार काटेकोरपणे वेगळे ठेवावेत. हरी यांचा ‘सिंगम’ (2010) तेलुगूत ‘यमुडू’ या नावाने गेला, पण ते डबिंग होते. तेवढ्यावरून हरी यांना तेलुगूचे दिग्दर्शक म्हणता येत नाही. उलट ए. आर. मुरुगदास यांचा ‘स्पायडर’ (2017) आणि लिंगुसामी यांचा ‘द वॉरियर’ (2022) हे तमिळ व तेलुगू अशा दोन्ही भाषांत चित्रित झाले. मुरुगदास यांच्या बाबतीत हा रकाना भरताना एक मजेदार गोष्ट दिसते. त्यांचा ‘रमणा’ (2002) तेलुगूत ‘टागोर’ (2003) झाला आणि ‘कत्ती’ (2014) पुढे ‘खैदी नंबर 150’ (2017) झाला. दोन्ही रिमेकचे दिग्दर्शक व्ही. व्ही. विनायक होते आणि दोन्हींचे नायक चिरंजीवी होते. मधल्या काळात खुद्द मुरुगदास यांनीच चिरंजीवींना घेऊन ‘स्टॅलिन’ (2006) हा तेलुगू चित्रपट केला. म्हणजे एकाच नटाकडे एका दिग्दर्शकाची कल्पना तीनदा पोहोचली, पण दिग्दर्शक म्हणून तो स्वतः एकदाच पोहोचला. ‘तेलुगूतील योगदान’ असे मोघम शीर्षक देऊन हे तिन्ही चित्रपट एकत्र केले तर सांगण्यासारखे जे काही आहे तेच पुसले जाते.

शिवा यांच्या सूचीतील 2011 हे वर्ष या दृष्टीने बारकाईने पाहावे. जानेवारीत पोंगलच्या सुमारास ‘सिरुत्तै’ प्रदर्शित झाला, तो एस. एस. राजमौली यांच्या ‘विक्रमार्कुडू’ (2006) या तेलुगू चित्रपटाचा रिमेक होता आणि कार्ती त्यात दुहेरी भूमिकेत होते. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस प्रभुदेवा यांनी विशाल यांना घेऊन केलेला ‘वेडी’ आला, आणि तो शिवा यांच्याच ‘शौर्यम’चा तमिळ रिमेक होता. दुसऱ्याची तेलुगू कथा शिवा तमिळमध्ये आणत असताना त्यांचा स्वतःचा तेलुगू चित्रपट दुसराच दिग्दर्शक तमिळमध्ये आणत होता. पुढच्याच वर्षी प्रभुदेवा यांनी ‘विक्रमार्कुडू’चा हिंदी अवतारही केला, हे जाता जाता नोंदवावे.

सूची झाली की चित्रपट पाहावेत, आणि ते लोकप्रियतेच्या नव्हे, तर सूचीच्या क्रमाने पाहावेत. ‘शौर्यम’ आधी पाहिल्याचा लाभ लगेच मिळतो. त्यात नायक कोलकात्यात येतो आणि कथेच्या केंद्रस्थानी त्याचे बहिणीशी असलेले नाते आहे. सात वर्षांनी आलेल्या ‘वेदाळम’मध्ये (2015) अजित कुमार बहिणीला घेऊन कोलकात्यात येतात, आणि ‘अण्णात्ते’मध्ये (2021) रजनीकांत पुन्हा बहिणीसाठीच कोलकाता गाठतात. या दोहोंच्या मधल्या ‘विश्वासम’मध्ये (2019) शहर मुंबई आहे आणि बहिणीच्या जागी मुलगी आहे, पण रचना ओळखीची आहे: गावात ज्याचा शब्द अंतिम असतो असा पुरुष दूरच्या महानगरात जातो आणि स्वतःची खरी ओळख न सांगता घरच्या मुलीचे रक्षण करतो. ‘अण्णात्ते’ प्रदर्शित झाल्यावर त्यावर ‘वेदाळम’ची छाया असल्याचे म्हणणारा एक पाऊल कमी मागे गेलेला असतो, मूळ धागा तमिळमध्ये नसून 2008 च्या तेलुगू चित्रपटात आहे. कारकिर्दीतील पुनरावृत्ती हा दोष मानायचा की दिग्दर्शकाची खूण, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते ‘विश्वासम’मध्ये ती खूण ठरते, कारण तेथे पित्याने गप्प राहण्याला कथेत सबळ कारण दिलेले आहे, ‘अण्णात्ते’मध्ये मात्र तोच लपंडाव नायकाचा दरारा वाढवण्यापुरता उरतो.

त्यानंतर स्थळाकडे लक्ष द्यावे. तेलुगू ॲक्शनपटाला 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून आंध्रच्या दक्षिणेकडील रायलसीमा भागातील घराण्याघराण्यांच्या वैराची, म्हणजे ‘फॅक्शन’ची पार्श्वभूमी मिळाली, ‘समरसिंहा रेड्डी’ (1999) आणि ‘इंद्रा’ (2002) यांनी ती घट्ट केली. तमिळमध्ये तीच जागा मदुरै, तेनी, दिंडुक्कल आणि तिरुनेलवेली या भागांनी घेतली आणि हातात कोयत्यासारखा अरुवाळ आला. ‘वीरम’चा (2014) नायक ओट्टनछत्रमचा आहे, त्याच चित्रपटाचा तेलुगू रिमेक ‘काटमरायुडू’ (2017) कथा रायलसीमेत नेतो. मूळ आणि रिमेक शेजारी ठेवून पाहताना केवळ कथानक जुळते का एवढेच न तपासता गावाचे नाव, बोलीतील हेल, पंचायत किंवा जत्रेचे प्रसंग, नायकाचे कपडे आणि शत्रूशी असलेल्या वैराचे कारण यांत काय बदलले ते लिहून काढावे. अशा दहा-बारा नोंदींतून दोन्ही चित्रपटसृष्टींतील प्रेक्षकांविषयी जे कळते ते मुलाखतींतून क्वचितच कळते.

मारामारीची दृश्ये हा अशा अभ्यासाचा गाभा असला तरी त्यांचे सारे श्रेय दिग्दर्शकाला देण्याची घाई करू नये. दक्षिणेत फाइट मास्टरचे स्थान मोठे आहे आणि तेच मास्टर अनेक दिग्दर्शकांकडे काम करतात. तेलुगूत राम-लक्ष्मण, तमिळमध्ये दिलीप सुब्बरायन, स्टंट सिल्वा आणि अन्बरिव ही नावे पुन्हा पुन्हा भेटतात. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या कामाला स्वतंत्र पारितोषिक 2016 च्या चित्रपटांपासून मिळू लागले आणि पहिले पारितोषिक पीटर हेन यांना ‘पुलिमुरुगन’ या मल्याळम चित्रपटासाठी मिळाले. म्हणून एक साधी कसोटी लावावी: फाइट मास्टर बदलूनही जे टिकते ते दिग्दर्शकाचे असण्याची शक्यता अधिक, आणि जे मास्टरबरोबर येते व जाते ते मास्टरचे. नायकाचा प्रवेश, मध्यंतरापूर्वीची मारामारी आणि शेवटची मारामारी अशी तीन दृश्ये प्रत्येक चित्रपटातून निवडावीत. प्रत्येक दृश्यात पहिला फटका बसण्याआधी किती वेळ जातो, त्या वेळात कोण बोलते, कॅमेरा माणसांपासून किती दूर आहे, नटांना हवेत उचलणाऱ्या दोरांचा वापर किती उघड आहे आणि मारामारी संपल्यावर पहिला चेहरा कोणाचा दिसतो, हे आवाज बंद करून पाहावे आणि मग आवाजासह पुन्हा पाहावे. पार्श्वसंगीत काढून घेतले की कित्येक दमदार वाटलेली दृश्ये पातळ पडतात. संगीतकाराचे देणे किती आहे ते तेव्हाच मोजता येते. ‘वेदाळम’चे अनिरुद्ध आणि ‘विश्वासम’चे डी. इम्मान यांच्यामुळे एकाच दिग्दर्शकाच्या एकाच नायकाचा, म्हणजे अजित कुमार यांचा, ताल कसा बदलतो, हे या पद्धतीने नीट दिसते. ‘विश्वासम’च्या गाण्यांसाठी इम्मान यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, ही गोष्ट त्या चित्रपटाचे वजन ॲक्शनपेक्षा पिता-पुत्रीच्या नात्यावर अधिक होते हे सांगताना उपयोगी पडते.

दिग्दर्शकाच्या निवडींमागे त्याच्या आवडीपलीकडचीही कारणे असतात. तमिळनाडू सरकारने 2006 मध्ये तमिळ शीर्षक असलेल्या चित्रपटांना करमणूक करातून सूट दिली आणि 2011 मध्ये त्या सवलतीला ‘यू’ (सर्वांना पाहता येईल अशा) प्रमाणपत्रासारख्या आणखी अटी जोडल्या. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आल्यावर ही व्यवस्था बदलली. सवलतीच्या काळातील तमिळ ॲक्शनपटात रक्त कमी आणि धूळ जास्त का दिसते, याचे निदान एक कारण त्या नियमात शोधावे. सणांचेही तसेच आहे. पोंगल आणि संक्रांत एकाच वेळी येत असल्याने जानेवारीचा मध्य दोन्ही भाषांत मोलाचा असतो, तर दिवाळीचे महत्त्व तमिळमध्ये अधिक आहे. ‘वीरम’ आणि ‘विश्वासम’ पोंगलला, ‘वेदाळम’ आणि ‘अण्णात्ते’ दिवाळीला, तर ‘विवेगम’ (2017) विनायक चतुर्थीच्या आदल्या दिवशी आला. सणाला येणाऱ्या चित्रपटात कुटुंबाला घेऊन बसता येईल अशी जागा ठेवावीच लागते.

उत्पन्नाच्या आकड्यांबाबत कमालीची सावधगिरी बाळगावी. तिकीट विक्रीची एकूण रक्कम आणि वितरकाच्या हाती पडणारा हिस्सा, म्हणजे ‘शेअर’, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेलुगू व्यवसायात बोलणे सहसा शेअरमध्ये चालते, निर्मात्यांच्या जाहिरातींत मात्र एकूण रक्कम झळकते. तेलुगू आकडे निझाम, सीडेड, उत्तरांध्र, कृष्णा, गुंटूर अशा विभागांनुसार दिले जातात, आणि ‘सीडेड’ म्हणजे रायलसीमा. हे नाव 1800 मध्ये निझामाने इंग्रजांना तोडून दिलेल्या जिल्ह्यांवरून आजही चालू आहे. दोन भाषांतील आकडे समोरासमोर ठेवायचे असतील तर दोन्हीकडे एकच माप असल्याची खात्री करावी, अन्यथा ‘यशस्वी’ किंवा ‘अयशस्वी’ एवढेच लिहून पुढे जावे.

अपयशाच्या नोंदी टाळू नयेत. ‘कंगुवा’ (2024) हा शिवा यांचा दोन कालखंडांत घडणारा भव्य चित्रपट ऑक्टोबरमध्ये यायचा होता, तो 14 नोव्हेंबरला आला, आणि प्रेक्षकांनी आवाजाच्या कर्कशपणाची इतकी तक्रार केली की निर्मात्यांना चित्रपटगृहांना आवाज कमी करायला सांगावे लागले. अशा चित्रपटाविषयी लिहिताना पहिल्या तीन दिवसांतील प्रतिक्रिया आणि काही महिन्यांनंतरचे लेखन वेगवेगळे वाचावे, कारण पहिल्यात थट्टा अधिक असते आणि दुसऱ्यात सारवासारव. मग सूचीकडे परत जाऊन पाहावे की छायाचित्रणकार वेट्री हे ‘वीरम’पासून ‘कंगुवा’पर्यंत तेच आहेत, पण गाव, बहीण आणि महानगर हे जुने त्रिकूट येथे बाजूला पडले आहे. लेखाचा हा भाग शेवटी लिहावा आणि क्रियापदे वर्तमानकाळात ठेवावीत, कारण दिग्दर्शकाचे काम अद्याप चालू आहे आणि पुढचा चित्रपट आला की सूचीत एक ओळ वाढवून वरील निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतील.