पंचगंगेचं पाणी लॅबमध्ये आणताना

शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आलात की प्रोजेक्टचा नमुना बहुतेक जवळपासचाच असतो. पंचगंगा घाटावरचं पाणी, गुऱ्हाळामागची माती, नाहीतर साखर कारखान्याचं सांडपाणी. रोजच्या पाहण्यातली जागा, म्हणून काळजी घ्यायची राहून जाते. खरं तर भीती इथेच जास्त आहे. चंदीगडच्या एमटीसीसीतून, म्हणजे सूक्ष्मजंतूंच्या संग्रहातून, मागवलेल्या कल्चरवर (वाढवलेल्या जंतूंवर) नाव असतं, तो जंतू किती घातक हे आधी वाचता येतं. नदीत मात्र शहराचं सांडपाणी मिसळतं. प्लेटवर उगवलेली कॉलनी (जंतूंचा ठिपका) कसली, हे नुसतं बघून ठरत नाही. ओळख पटेपर्यंत तिला रोगजंतूच समजा.

म्हणून प्लेट उघडून वास घेऊ नका, सीनियर घेत असले तरी. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जंतूला पहिल्या पावसाचा वास येतो हे खरं, पण मेलिऑयडोसिस या गंभीर आजाराचा जंतूही मातीतच राहतो आणि श्वासावाटे शरीरात जाऊ शकतो. कर्नाटकच्या किनारपट्टीवर त्याचे रुग्ण आढळतात, आणि ती काही आपल्यापासून फार लांब नाही.

नव्या मुलांचा सगळ्यात मोठा गैरसमज लॅमिनारबद्दल, म्हणजे गाळलेल्या हवेच्या झोतात काम करायच्या कपाटाबद्दल, असतो. आडव्या प्रवाहाच्या लॅमिनारमधली गाळलेली हवा नमुन्यावरून थेट तुमच्या तोंडावर येते. नमुना स्वच्छ राहतो, तुम्हाला संरक्षण काहीच नाही. मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) ओतायला ते चांगलं. सांडपाण्यातल्या जंतूंसाठी नमुन्याबरोबर तुमचंही रक्षण करणारं क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेटच मागा; मागायला लाजू नका.

टेबल पुसायला 70 टक्के अल्कोहोल घ्या, मात्र त्याने बीजाणू (जंतूंची टणक, सुप्त रूपं) मरत नाहीत. ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने जंतू मारायच्या यंत्राला) 121 अंश आणि 15 पौंड दाबावर मीडियाला 15 मिनिटं पुरतात, कचऱ्याच्या भरलेल्या पिशवीला निदान 30 तरी द्या आणि तिचं तोंड सैल ठेवा, नाहीतर वाफ आत पोचत नाही. हायपोक्लोराइट (ब्लीच) घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, क्लोरीन वायू सुटतो.

कल्चर सांडलं तर आधी वर टिश्यू पेपर टाका, मग कडेकडून मध्यापर्यंत ताजं हायपोक्लोराइट ओता आणि 20-30 मिनिटं थांबा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच क्षणी गाइडना सांगा. रक्ताचे नमुने हाताळणार असाल, तर हिपॅटायटिस बीची लस काम सुरू करण्याआधी पूर्ण करा.