थायलंड-व्हिएतनाममधल्या जुन्या मित्रांकडे पुन्हा जाताना

व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं नाही म्हणून मित्र विसरला असं समजू नका. थायलंडमध्ये रोजची बोलणी लाइन (LINE) या अ‍ॅपवर चालतात, व्हिएतनाममध्ये झालो (Zalo) या अ‍ॅपवर. महिनाभर आधी तिथे निरोप पाठवा, सोबत तेव्हाचा दोघांचा फोटो जोडा. नुसत्या नावावरून ओळख लागेलच असं नाही.

तारखा मित्राला विचारूनच ठरवा. सोंगक्रान (थाई नववर्ष, 13 ते 15 एप्रिल) आणि तेत (व्हिएतनामी नववर्ष, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी) या दिवसांत शहरातली माणसं गावी जातात, बस-रेल्वे गच्च भरतात. मित्रानेच गावी बोलावलं तर मात्र नक्की जा. फोनची वेळ ठरवताना कुणाचे आठ तेही सांगा, दोन्ही देश आपल्या दीड तास पुढे आहेत.

खरी अडचण घरी मुक्काम करताना येते. परदेशी पाहुणा आला की थायलंडमध्ये 24 तासांत इमिग्रेशनकडे टीएम30 (पाहुणा कुठे उतरलाय याची) नोंद करावी लागते. व्हिएतनाममध्येही स्थानिक पोलिसांकडे तात्पुरत्या मुक्कामाची नोंद असते. हॉटेल हे परस्पर करतं, घरी ते यजमानावर येतं. मित्र भाड्याने राहत असेल तर घरमालकालाही मध्ये घ्यावं लागतं, आणि काही घरमालक टाळाटाळ करतात. म्हणून मित्राला आधीच विचारा. पोचल्याबरोबर पासपोर्टचं फोटोचं पान आणि प्रवेशाचा शिक्का यांचे स्पष्ट फोटो त्याला द्या. तो जरा जरी अडखळला तर आग्रह करू नका. त्याच गल्लीत खोली घ्या आणि जेवायला त्याच्याकडे जा.