फोबियाचा चॅप्टर नीट वाचा, पुढे हाच कामी येतो

सायकॉलॉजीला नव्याने आलेले बरेच जण विचारतात की क्लासिकल कंडिशनिंग (दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्या की एकीमुळे होणारी प्रतिक्रिया दुसरीलाही जोडली जाणं) एवढं घोकायचं कशाला, घंटा ऐकून लाळ गाळणारा पावलोवचा कुत्रा, संपलं की! मी क्लिनिकलमधून एमए केलंय, सध्या सुपरव्हिजनखाली क्लायंट बघते, आणि खरं सांगते, फोबिया, म्हणजे एखाद्या गोष्टीची अवाजवी भीती, असलेला माणूस समोर बसला की पहिल्यांदा हाच चॅप्टर आठवतो.

अल्बर्ट नावाच्या बाळावरचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो. 1920 मध्ये सायकॉलॉजिस्ट वॉटसन आणि रोझली रेनर यांनी साधारण 11 महिन्यांच्या या बाळासमोर पांढरा उंदीर ठेवला, बाळाने हात पुढे केला की मागे पोलादी दांडीवर हातोडा मारायचे, असं काही वेळा झाल्यावर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडायला लागलं. पुढे ससा, कुत्रा, फरचा कोट यांचीही भीती बसली. ती घालवायचं मात्र राहूनच गेलं, बाळ तिथून गेलं. मला हे वाचताना अजूनही राग येतो.

म्हणून बसलेली भीती घालवून दाखवणाऱ्या सायकॉलॉजिस्ट मेरी कव्हर जोन्स यांना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. 1924 चं काम, पीटर नावाचा जेमतेम 3 वर्षांचा मुलगा, सशाला घाबरायचा. तो आवडीचं काहीतरी खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा, घाई केली तर उलटं व्हायचं, खाण्याचीच भीती बसायची. शेवटी पोरगं सशाशी खेळायला लागलं. वोल्पेचं सिस्टिमॅटिक डिसेन्सिटायझेशन (अंग सैल सोडून भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जाण्याची थेरपी) 1950 च्या दशकातलं, म्हणजे बरंच नंतरचं.

आता मुख्य गोष्ट. भीती बसते एकदा, पण टिकते टाळण्यामुळे. लिफ्टला घाबरणारा माणूस जिन्याकडे वळला की त्याला लगेच हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणं हेच बक्षीस, मग पुढच्या वेळीही तो जिनाच धरतो आणि लिफ्टमध्ये काही होत नाही हे शिकायची संधीच येत नाही. सायकॉलॉजिस्ट मावररची टू फॅक्टर थिअरी म्हणजे हेच, आधी भीती बसणं आणि मग टाळण्याने ती टिकणं. त्यामुळे केस हिस्ट्री घेताना 'कधीपासून' एवढंच विचारून थांबू नका, काय काय टाळता तेही विचारा.

आणि एक्स्टिंक्शन, म्हणजे भीतीची गोष्ट काहीही वाईट न घडता पुन्हा पुन्हा समोर आल्यावर भीती कमी होणं, म्हणजे भीती पुसली जाणं नाही! जुनं शिकलेलं तसंच असतं, त्याच्यावर नवीन शिकणं बसतं, म्हणून काही काळ गेल्यावर किंवा जागा बदलली की भीती परत डोकं वर काढते. क्लायंटला हे आधीच सांगून ठेवावं असं माझं ठाम मत आहे, नाहीतर बिचारा थेरपी फुकट गेली समजून यायचंच बंद करतो. एक्स्पोजर, म्हणजे भीतीच्या गोष्टीला थेरपीत सामोरं जाणं, एकाच खोलीत नको, वेगवेगळ्या ठिकाणी करा.

प्रत्येक फोबियामागे एखादा प्रसंग सापडेलच असं नाही. मिनेका आणि कुक या संशोधकांच्या प्रयोगांत लॅबमध्ये वाढलेली माकडं दुसऱ्या माकडाला सापाला घाबरताना नुसतं बघूनच घाबरायला शिकली, फुलांना घाबरणारं माकड दाखवलं तरी फुलांची भीती मात्र बसली नाही.

अजून एक, रक्त किंवा इंजेक्शनचा फोबिया वेगळा असतो. त्यात बीपी आधी वाढून मग एकदम पडतं आणि माणूस चक्कर येऊन कोसळू शकतो, म्हणून तिथे अंग सैल सोडायला सांगू नका, हातापायाचे स्नायू ताणायला शिकवतात, त्याला अप्लाइड टेन्शन म्हणतात. ही टेक्निक सुपरव्हायझरसमोर स्वतः करून बघा आणि मगच क्लायंटला शिकवा.