मुलांच्या आरोग्याविषयीचे संशोधन कसे वाचावे

मुलांच्या आहाराविषयी, झोपेविषयी किंवा अभ्यासाविषयी एखाद्या नव्या संशोधनाची बातमी आली की पुष्कळ पालक घरातला दिनक्रम आणि काही शिक्षक वर्गातली पद्धत बदलायला निघतात. अशा वेळी निष्कर्ष क्षणभर बाजूला ठेवावा आणि आधी एकच गोष्ट शोधावी: कोणत्या मुलांची तुलना कोणत्या मुलांशी केली आणि ते दोन गट कसे पाडले. वाचकाची फसगत बहुधा याच ठिकाणी होते, म्हणून सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा.

ज्यांना दीर्घकाळ आईचे दूध मिळाले त्या मुलांचा बुद्ध्यांक अधिक असतो, असे अनेक पाहण्यांत आढळते. मात्र सधन देशांत दीर्घकाळ अंगावर पाजणाऱ्या माता बऱ्याचदा अधिक शिकलेल्या आणि बऱ्या परिस्थितीतल्या असतात. तेव्हा मुलाला फायदा दुधाचा झाला की घरातल्या वातावरणाचा, हे निव्वळ निरीक्षणातून सांगता येत नाही. हा गुंता सोडवण्यासाठी बेलारूसमध्ये १९९६-९७ साली ३१ प्रसूती रुग्णालयांची सोडतीने विभागणी करण्यात आली. एका गटातल्या रुग्णालयांनी मातांना स्तनपानासाठी विशेष मदत दिली आणि दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत चालू राहिली. दोन्ही गट मिळून १७,०४६ माता आणि त्यांची बाळे या अभ्यासात होती. तिसऱ्या महिन्यात केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण मदत मिळालेल्या गटात सुमारे ४३ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ६ टक्के होते. पहिल्या गटातल्या बाळांना वर्षभरात पोटाचे संसर्ग कमी झाले आणि साडेसहाव्या वर्षी त्यांचा शाब्दिक बुद्ध्यांकही अधिक भरला. लठ्ठपणा मात्र कमी झाला नाही. यात एक बारकावा आहे. सोडत दुधाची नव्हती, मदतीची होती, कारण बाळाला आईच्या दुधापासून मुद्दाम वंचित ठेवणे कोणत्याही संशोधकाला शोभणारे नाही. म्हणून संशोधकांनी प्रत्यक्षात नेमके काय बदलले, हेही बातमीत शोधावे.

सोडत नसली म्हणजे अभ्यास टाकाऊ ठरतो, असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच प्रशिक्षित महिलांकडून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याची व्यवस्था उभारली आणि शेजारच्या ४७ गावांत नेहमीची स्थिती तशीच ठेवून बालमृत्यूंची नोंद केली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. तुलनेची ती ४७ गावे नसती, तर ‘काळाच्या ओघात मृत्यू कमी झालेच असते’ हा आक्षेप खोडता आला नसता. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देते, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

दुसरा प्रश्न काळाचा: मुलांची पाहणी किती वर्षे केली आणि तिच्यातून नुसता संबंध दिसला की कारणही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती महिलांची आणि पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे पाहणी केली. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. तरीही पुण्याच्या बाळांच्या शरीरातील चरबी त्या मानाने टिकून होती. गरोदरपणी ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरे ब-जीवनसत्त्व जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध, म्हणजे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या या संप्रेरकाला शरीराने कमी दाद देणे, अधिक आढळला. हा संबंध आहे. हेच त्याचे कारण असल्याचे सिद्ध झाले, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. संशोधकांनीही तिथे न थांबता त्याच पिढीतील किशोरवयीन मुलामुलींना ब-१२ देऊन पुढची चाचणी हाती घेतली. ‘संबंध आढळला’ आणि ‘अमुक केल्याने तमुक झाले’ या दोन वाक्यांतला फरक बातमीत बहुधा पुसला जातो, तो वाचकाने स्वतः पुन्हा काढावा.

अपेक्षेविरुद्ध लागलेले निकाल मुद्दाम वाचावेत. बांगलादेश आणि केनियात हजारो कुटुंबांना शौचालय, स्वच्छ पाणी आणि हात धुण्याची सोय सोडतीने पुरवली गेली, तरी मुलांची उंची वाढली नाही, असे २०१८ साली समोर आले. बांगलादेशात जुलाब कमी झाले, केनियात तेही झाले नाहीत. स्वच्छता निरुपयोगी आहे असा याचा अर्थ काढू नये. एवढ्या प्रमाणातल्या, एवढ्याच सोयींनी उंचीत फरक पडला नाही, इतकेच त्यातून कळते.

सर्वेक्षणाचे आकडे वाचताना ते कोणाचे आणि कोणत्या वर्षांचे, हे आधी पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३४.४ टक्के होते. राज्याच्या धोरणासाठी हा आकडा फार महत्त्वाचा आहे, कारण मधल्या वर्षांत सुधारणा झाली नाही हे तो दाखवतो, पण एखाद्या घरातल्या मुलाविषयी तो काहीच सांगत नाही. आपल्या मुलासाठी माता व बाल संरक्षण कार्डावरील वाढीचा आलेख पाहावा. एका महिन्याच्या वजनावरून घाबरून जाऊ नये. लागोपाठच्या नोंदी जोडणारी रेषा वर चढते आहे, आडवी झाली आहे की खाली उतरते आहे, ते पाहावे. रेषा आडवी झाली किंवा उतरू लागली, तर तेच कार्ड घेऊन अंगणवाडी सेविकेकडे किंवा बालरोगतज्ज्ञाकडे जावे आणि बातमीत वाचलेला उपाय सुरू करण्यापूर्वी त्यांना विचारावे.