स्मरणिकेतलं ‘आपला परिसर’ हे पान कसं लिहावं

गणेश मंडळाच्या स्मरणिकेत ‘आपला परिसर’ नावाचं एक पान असतं. बहुतेक वेळा ते ‘पूर्वी इथे सगळी शेती होती’ असं सुरू होतं आणि तिसऱ्या ओळीत बिल्डरपाशी पोचतं. शेती कोणाची, कसलं पीक, विकली कधी, यातलं काही नाही. पुण्यातल्या आमच्या कर्वेनगरचं पान माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी क्रम ठरवून टाकला: आधी जमीन, मग माणसं, इमारती शेवटी. तुम्हीही तसंच करा.

महसुली कागदावर आमचं गाव हिंगणे बुद्रुक. हिंगणे खुर्द मुठेपलीकडे, सिंहगड रस्त्याच्या बाजूला. गल्लत केलीत तर जुने गावकरी पुढचं काही सांगायचे नाहीत. सोसायटीच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो. तो घेऊन भूमी अभिलेख विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुने सातबारे आणि फेरफार शोधा. सिटी सर्व्हे झालेल्या भागात हल्ली मालमत्ता पत्रक मिळतं, पण खरा मसाला फेरफारात. वारसनोंद, भावाभावांची वाटणी, मग तुकड्यातुकड्याने विक्री: वावर कसं गेलं ते तारखांसकट दिसतं.

तुमचं गाव महापालिकेत कधी आलं तेही तपासा. पुणे महापालिका 1950 सालची. मोठी भर पडली 1997 मध्ये, मग 2017 मध्ये 11 गावं, 2021 मध्ये आणखी 23. लोकसंख्येसाठी 2011 ची जनगणना घ्या, पण प्रभागांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. दर निवडणुकीला प्रभागांच्या हद्दी बदलतात.

आता माणसं. आमच्याकडे सुरुवात सोपी: 1900 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठीचा आश्रम हिंगण्याच्या माळावर आणला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून ते पायी इथे येत. 1916 मध्ये महिला विद्यापीठही इथेच सुरू झालं. हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून चार ओळींत उरका. 12 जुलै 1961 च्या पानशेत पुराला मात्र जागा द्या. त्यानंतर पेठांतली, नदीकाठची कित्येक कुटुंबं शहराच्या कडेला नव्या वसाहतींत गेली. तुमच्या भागात असं कोणी आलं होतं का, हे सोसायटीच्या नोंदणीच्या सालावरून लगेच ताडता येतं.

सोसायटीचं पहिलं इतिवृत्त मिळवाच. कपाटात वरच्या फळीवर, लाल कापडी बांधणीची वही असते. आमच्या वहीत निम्मे ठराव पाण्याचे: टँकरचा खर्च कोणी किती द्यायचा, विहिरीवर मोटर बसवायची की नाही, तळमजल्याने बादल्या भरून ठेवल्या म्हणून तिसऱ्या मजल्याची तक्रार. परिसर कसा वसला, हे त्या भांडणांतून जितकं कळतं तितकं कुठल्याच उद्घाटनाच्या फोटोतून कळत नाही.

मुलाखतीत ‘तेव्हा कसं होतं हो?’ असं विचारू नका. ‘छान होतं, शांत होतं’ एवढंच उत्तर येतं. शेवटची बस चुकली तर काय करायचात? दूध कोणाकडून? उधारीचं वाण्याचं दुकान कुठे? पहिला फोन कोणाच्या घरी, आणि निरोप द्यायला कोण धावायचं? मी गावठाणातल्या एका आजींना विचारलं, जमीन विकून काय घेतलं? त्या म्हणाल्या, “ट्रॅक्टर घेतला बघ. आन् नांगरायला रान कुठं उरलं?” पानावर हे वाक्य तसंच ठेवलं. समितीतल्या एकांना ते ‘नकारात्मक’ वाटलं, वाटू दे.

गावठाण, पहिल्या सोसायट्या, नंतरचे फ्लॅटवाले आणि कमिन्स कॉलेजच्या मुली ठेवणाऱ्या घरमालकीणबाई, सगळ्यांकडे जा. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी कुठून येतात, किती वर्षं, हेही विचारा. स्मरणिकेत त्यांचा उल्लेख मी अजून पाहिलेला नाही.

नाव छापण्याआधी परवानगी घ्या. जुने फोटो मोबाईलवर तिथेच काढून मूळ प्रत लगेच परत द्या. ‘नंतर आणून देतो’ म्हणून नेलेले अल्बम परत जात नाहीत, हा सगळ्या पेठांचा अनुभव आहे.