पाचारण पारखायचे कसे? राजीनामा लिहिण्यापूर्वी

नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत उतरायचे का, सेमिनरीत (पाळक-धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) जायचे का, सिस्टर व्हायचे का, हे प्रश्न बहुतेकांच्या मनात कन्व्हेन्शनच्या (ख्रिस्ती मेळाव्याच्या) शेवटच्या रात्री किंवा रिट्रीटमध्ये (प्रार्थना-शिबिरात) उभे राहतात. गीत चाललेले असते, वक्ता पुढे यायला सांगतो आणि माणूस उठतो. उठायला हरकत नाही, पण त्या रात्री राजीनामा लिहू नये. पाचारण, म्हणजे देवाचे सेवेसाठी बोलावणे, खरे असेल तर ते सोमवारी सकाळच्या लोकलमध्येही सोबत असते. तसे ते असते की नाही, हे कळायला काही महिने द्यावे लागतात.

पवित्र शास्त्रात, मंदिरात सेवा करणाऱ्या लहान शमुवेलाला देवाने हाक मारली तेव्हा त्याने तीन वेळा ती म्हाताऱ्या याजकाची, एलीची समजली. परमेश्वर बोलावतो आहे हे ओळखले ते एलीने. त्याची नजर मंद झाली होती, त्याचे मुलगे बिघडलेले होते, तरी ओळखणारा तोच होता. म्हणून पहिले काम म्हणजे आपला एली शोधणे. पाळकसाहेब, आध्यात्मिक मार्गदर्शन करणारे फादर किंवा सिस्टर, मंडळीतली एखादी अनुभवी बाई, कोणीही चालेल. अट एकच, तुमच्या होकारात किंवा नकारात त्या व्यक्तीचा फायदा नसावा. ज्यांना आपल्या संस्थेसाठी माणूस हवा आहे ते चांगले असतील, पण या कामाला नकोत. महिन्यातून एकदा, तासभर भेटा.

दुसरे काम वहीचे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पायाला जखमी होऊन घरी पडून होते. वाचायला शौर्यकथा मागितल्या, मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. पडल्या पडल्या त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडे पडायचे. संतांसारखे जगण्याचा विचार करतानाही आनंद व्हायचा, आणि तो नंतरही टिकायचा. फरक नंतरच्या मनःस्थितीत होता. म्हणून वहीत रोज दोन नोंदी हव्यात, विचार आला तेव्हाची आणि झोपण्यापूर्वीची. पंधरा मिनिटे पुरतात. नोंद अशी असावी:

मंगळवार. बसमध्ये सेवेचा विचार. तेव्हा: उत्साह, मी व्यासपीठावर बोलतोय असे दिसले. रात्री: रिकामे.

गुरुवार. आजारी आजींकडे प्रार्थनेला गेलो. तेव्हा: कंटाळा. रात्री: शांत, पुन्हा जावेसे वाटले.

महिनाभराची पाने एकदम वाचा. वरच्या दोन नोंदींसारखे वळण परत परत दिसले, तर ओढ सेवेची आहे आणि व्यासपीठ हे तिच्यावरचे रंगकाम आहे. उलटे दिसले तर तेही खरे मानावे.

इग्नेशियसचाच एक नियम इथे कडकपणे पाळावा. मन कोरडे, उदास, प्रार्थना नकोशी झालेली असताना आधीचा निर्णय बदलू नये आणि नवाही घेऊ नये. नोकरी गेल्यावर, लग्न मोडल्यावर, घरातले माणूस गेल्यावर जे पाचारण ऐकू येते, त्यात पुष्कळदा सुटकेची हाक मिसळलेली असते. ती खोटीच असेल असे नाही, पण थांबावे.

चिन्हे मागण्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपले मानायचे, ही पद्धत सोडा. लोकरीवर दव पडावे असे चिन्ह देवाकडे मागणाऱ्या गिदोनाचा दाखला पुढे करतात, पण गिदोनाला देवाची आज्ञा आधीच मिळाली होती. लोकर त्याने भीतीपोटी ठेवली, देवाची इच्छा शोधायला नव्हे. चिठ्ठ्या टाकून यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड झाली ती पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधी. त्यानंतर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात चिठ्ठ्या टाकल्याचे दिसत नाही.

वही भरल्यावर मोठा कागद घ्या आणि चार रकाने आखा: गेल्यास लाभ, गेल्यास तोटे, न गेल्यास लाभ, न गेल्यास तोटे. ओळी मोजू नका, वजन करा. 'लोक मान देतील' आणि 'मुलांना शिकवताना मी जिवंत असतो' या दोन ओळी सारख्या नाहीत. जी ओळ नवऱ्याला किंवा बायकोला दाखवायला लाज वाटते तिच्याभोवती गोल करा. मार्गदर्शकाशी बोलणे तिथून सुरू होते.

मग सहा महिने चाचणी. नोकरी चालू ठेवून संडे स्कूलचा एक वर्ग, रुग्णभेटी किंवा तरुण संघाचे काम घ्या. खुर्च्या लावण्याचे आणि सतरंज्या झाडण्याचे कामही घ्या. वर्गातली मुले पुन्हा येतात का, रुग्ण तुमची वाट पाहतात का, आणि कोणी नाव न घेतल्यास तुम्हाला किती दिवस लागून राहते, हे पाहा. प्रेषित पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर हाक आली, पण अंत्युखियाच्या मंडळीने उपवास-प्रार्थना करून, हात ठेवून त्याला रवाना केले ते बऱ्याच वर्षांनी. मधली वर्षे वाया गेली नव्हती.

घरच्यांत आधी जोडीदाराला सांगा, मग आई-वडिलांना. व्यासपीठावरून साक्ष देणे सर्वांत शेवटी, कारण एकदा टाळ्या पडल्या की मागे फिरणे अवघड होते. आपल्याकडे एक वेगळी अडचण असते. मूल आजारी असताना आईने 'बरा झाला तर देवाला देईन' असा नवस केलेला असतो. आईचा नवस हे मुलाचे पाचारण नव्हे. कॅथलिक धर्मकायद्यात तर बळजबरीने किंवा भीतीपोटी घेतलेला नोव्हिशिएटचा (व्रते घेण्यापूर्वीच्या उमेदवारीच्या काळाचा) प्रवेश अवैधच ठरतो.

त्याच कायद्यानुसार नोव्हिशिएटसाठी वयाची 17 वर्षे पूर्ण हवीत. नोव्हिशिएट किमान 12 महिन्यांचे, नंतर निदान 3 वर्षे तात्पुरती व्रते, आणि मगच कायमची. धर्मगुरूच्या दीक्षेसाठी वय 25 पूर्ण लागते. म्हणजे चर्च स्वतःच घाई करत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रीत वेगवेगळी असते, पण सेमिनरीत अर्ज करताना सहसा मंडळीचे शिफारसपत्र मागतात. ते देताना पाळकसाहेब अडखळले तर रागावू नका, कारण विचारा.

उत्तर 'नाही' आले तर? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल म्हणतो, ज्या स्थितीत पाचारण झाले त्यात राहावे. नर्स, शिक्षक, एसटीचा कंडक्टर हे दुय्यम दर्जाचे ख्रिस्ती नव्हेत. आणि 'हो' आल्यावरही पुढे हाक बदलू शकते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले आणि 1917 मध्ये ते सोडून वेगळी वाट धरली.

राहिला पैसा. कर्ज फेडता येत नसलेल्या उमेदवाराला घेऊ नये, असे कॅथलिक कायदा व्रतस्थ संस्थांना सांगतो. इतरांनीही हा नियम उचलावा. शैक्षणिक कर्ज, सोसायटीचे हप्ते, कोणाला दिलेली जामीनकी, सगळे कागदावर मांडा. कुटुंब असेल तर वर्षभराचा घरखर्च बाजूला हवा, मुलांची फी धरून. तो जमायला दोन वर्षे लागणार असतील तर दोन वर्षांनी जा. तोवर संडे स्कूलचा वर्ग सोडू नका.