स्पेलिंग बरोबर, शब्द चुकीचा

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ग्राहकाला मी कोटेशन पाठवलं. वर सॉफ्टवेअरची किंमत, खाली एक ओळ: सोबतचं प्रशिक्षण 'कॉम्प्लिमेंटरी' आहे. मला म्हणायचं होतं पूरक. त्याचे पैसे वेगळे लागणार होते. लिहिलं गेलं मोफत. प्रशिक्षण उरकलं, बिल गेलं आणि माझंच कोटेशन परत आलं, त्या शब्दाखाली रेघ मारून. ग्राहकाचं काहीच चुकलं नव्हतं. बिल मागे घ्यावं लागलं.

पूरक आणि मोफत यांसाठी इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, पण दोन्हींचा उच्चार एकच, मराठीत लिहिले तरी सारखेच दिसतात. 'एल'नंतर 'ई' असेल तर पूरक, 'आय' असेल तर मोफत किंवा कौतुकाचं. 'कम्प्लीट'मध्येही 'एल'नंतर 'ई'च येतो, आणि पूरक म्हणजे पूर्ण करणारं. मी असं लक्षात ठेवलं. स्पेलचेकवर विसंबू नका. दोन्ही शब्द कोशात आहेत, तो लाल रेघ कशाला मारेल? 'मोठ्याने वाचून बघ' हा सल्लाही इथे निरुपयोगी. वाचून सापडतात ते 'अ‍ॅडव्हाइस' आणि 'अ‍ॅडव्हाइज'. शेवटी 'स' ऐकू आला तर सल्ला, 'सी'ने लिहा. 'झ' ऐकू आला तर सल्ला देणं, 'एस'ने.

घाबरू मात्र नका. इंग्रजी माध्यमात शिकलेलेही मुद्दलाच्या 'प्रिन्सिपल'चा शेवट 'पीएलई' करतात आणि मुद्दलाचं तत्त्व होतं. मुद्दलाला 'पीएएल' लागतं.

शंभर जोड्यांच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका, असं माझं ठाम मत आहे. यादी सांगते, 'इफेक्ट' नाम आणि 'अफेक्ट' क्रियापद. पण व्यवहाराच्या पत्रात 'पेमेंट इफेक्ट करा' म्हणजे पैसे चुकते करा. तिथे पाठ केलेल्या नियमाने 'अफेक्ट' केलंत की वाक्य बिघडलंच. त्यापेक्षा स्वतःच्या चुकलेल्या ओळी वहीत उतरवा. आणि तुमचा मसुदा गुपचूप सुधारून पाठवणारे वरिष्ठ कितीही प्रेमळ वाटले, तरी शिकवतात ते 'इथे तुला काय म्हणायचंय?' असं विचारणारेच.

पैशाच्या ओळीत तर मी 'कॉम्प्लिमेंटरी' लिहितच नाही, कुठल्याच स्पेलिंगने. 'प्रशिक्षणाचं शुल्क वेगळं' असं साध्या इंग्रजीत लिहिते आणि पुढे आकडा टाकते.